गाऱ्हाण्यात दिलेला फणस

हा आणखी एक पडला. आतून सरला म्हणाली, "तिकडे बघू नकात. लिवा."

लिहितो. मी हरिश्चंद्र सोमा धुरी, राहणार मिठबाव, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग. वय सदुसष्ट. जामसंड्याच्या हायस्कुलातून मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त. गावात मला अप्पा म्हणतात. हे माझे मृत्युपत्र. ते मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्या पत्नीचे वरचे वाक्य दबाव समजू नये, या घरात ती बोलण्याची रीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. घसा नाही. घशात गाठ आहे आणि ती काढून घेण्यासाठी मी उद्या सकाळी मुंबईला निघतो. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल. आवाज राहतो की जातो ते मागाहून कळेल, तोवर कमी बोला. म्हणून सांगायचे ते लिहून ठेवतो.

जो पडला तो फणस होता. माझे घर आणि माझा धाकटा भाऊ भाई याचे घर यांच्यामध्ये दगडी गडगा आहे. गडग्याला लागून माझ्या बाजूला हे झाड. मे महिना आहे. फळ पिकते आणि पडते. दोन हंगाम गेले, हा तिसरा, त्याला कोणी हात लावलेला नाही. मी लावत नाही, भाई लावत नाही आणि गावातले कोणी चोरतही नाही. ज्या झाडाचा फणस चोरीलाही जात नाही, त्या झाडाचा मालक ठरवणे भाग आहे. तो खाली कलम सहामध्ये ठरवला आहे. आधीची कलमे गाळून कोणी एकदम तिथे जाऊ नये. पोरे धड्याखालचे प्रश्न आधी वाचत, तेव्हाही मला आवडत नसे.

१. राहते घर सरलेचे. तिच्यानंतर आमची मुलगी विमला हिचे. विमला मुंबईला असते आणि तिला इथे फरशी घालायची आहे. माझ्या पश्चात घालावी. ओटीची जमीन मात्र सारवलेलीच ठेवावी. तिच्यावर बसून मी पेपर तपासले आहेत. इतक्या चुका पचवलेली दुसरी जमीन तालुक्यात नाही.

२. पोस्टातली शिल्लक सरलेची. ती किती आहे हे तिच्याइतके मला कधीच ठाऊक नव्हते.

३. पुस्तके हायस्कुलाला. कपाटाला कुलूप लावल्यास ती परत घेऊन मिठबावच्या केशकर्तनालयात ठेवावी. तिथे माणसे पाळी येईपर्यंत वाचतात, काही जण पाळी गेली तरी वाचतात.

४. टीव्ही आणि व्हीसीआर. टीव्ही विमलेने दिला. मिठबावला दूरदर्शन दिसत नाही. आकाश फार स्वच्छ असले तर दिसते, पण बोलणारा बाई आहे की बाप्या ते कळत नाही. त्यामुळे आमचा टीव्ही फक्त कॅसेटचा. व्हीसीआर वॉल्टरने दिला, माझे मानधन म्हणून.

वॉल्टर फर्नांडिस माझा जुना विद्यार्थी. जामसंड्याला त्याची व्हिडिओ लायब्ररी आहे. टीव्ही आणि व्हीसीआर टेंपोत घालून तो गावोगाव भाड्याने पोचवतो. कुवेतच्या भावाने धाडलेल्या कॅमेऱ्याने तो लग्ने टिपायचा. एके दिवशी ओटीवर येऊन बसला आणि मालवणी सिनेमा काढतो म्हणाला. मी विचारले, लागणार कुठल्या थिएटरात?

"थेटर कित्याक होया, अप्पा? घराघरात टीव्ही आसा मा. आपण थेट घरात जावया."

मी त्याला समजावले. सिनेमाला पडदा लागतो, अंधार लागतो, शेजारी अनोळखी माणूस लागतो. ज्यात कोणी मध्येच उठून भात उतरवायला जाते, तो सिनेमा नव्हे. त्याने हे सारे माझे व्याकरणाचे तास ऐकायचा तसे ऐकले. आदराने, आणि काहीही परिणाम होऊ न देता.

त्याचेच बरोबर निघाले. सिनेमा थिएटरात कधीच लागला नाही आणि माझ्या माहितीतल्या सर्व माणसांनी पाहिला. मे महिन्यात आलेले चाकरमानी परत जाताना कॅसेट कोकमाच्या पिशवीत घालून न्यायचे. लालबाग-परळच्या खोल्यांतून ती हातोहात फिरली. आखातात गेली. तिथे कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी असे झाले, आणि बहारीनच्या कॉपीत मी आणि भाई यांतला कोण कोण ते ओळखू येत नाही असे कळते. आमच्या लहानपणी आईचाही हाच घोटाळा होत असे. आता कणकवलीला एकाने असे दोन सिनेमे घरातल्या घरात काढले, मालवणात तिसऱ्याचे चालू आहे. लग्नाला गेलेला माणूस वऱ्हाडात आहे की सिनेमात, हे त्याला कॅसेट बघितल्यावर कळते.

टीव्ही आणि व्हीसीआर सरलेचे. व्हीसीआरचे हेड पुसताना फुंकर मारू नये.

५. माझा चेहरा आणि आवाज. हे दोन्ही कॅसेटमध्ये आहेत आणि कॅसेट वॉल्टरची आहे, त्यामुळे मी ते कोणाला देऊ शकत नाही. ते तिथे कसे गेले, एवढे सांगू शकतो.

सिनेमाचे नाव 'फणसाचो वाटो'. गोष्ट दोन भावांची. वाटणी होते, फणस मोठ्याकडे जातो, धाकटा अबोला धरतो, शेवटी मोठा देवापुढे उभा राहून झाड धाकट्याला देतो, धाकटा "घेतलंय" म्हणतो, मिठी, गाणे, समाप्त. मोठा भाऊ मी. धाकट्यासाठी वॉल्टरने भाईला घेतले. माझ्याच ओटीवर बसून त्याने याचे कारण दिले: जे भाऊ खरोखर बोलत नाहीत त्यांना अभिनय शिकवावा लागत नाही, आणि झाड फुकट.

हे खरे आहे. वडिलांच्या मागे मोजणी झाली तेव्हा रेषा झाडाच्या पलीकडून, वीतभर अंतरावरून गेली. झाड माझ्याकडे आले. सावली आणि पाला भाईकडे गेला. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. अगदीच अडले तर मी सरलेशी मोठ्याने बोलतो आणि तो त्याच्या गाईशी. "काय गो, लोकांकडे आज पाहुणे इले वाटता?" असे तो गाईला विचारतो. गाय गप्प राहते. मी सरलेला सांगतो की विमला आली आहे, चार दिवस राहील. थोड्या वेळाने त्याची बायको सुशीला गडग्यावर ओल्या काजूची भाजी ठेवून जाते. असे आमचे बरे चालले होते.

सिनेमात भांडणाचा प्रसंग होता. तो पहिल्याच खेपेला उत्तम झाला. मी लिहिलेल्या संवादांत नसलेली बरीच वाक्ये दोन्ही बाजूंनी आली. वॉल्टरने सगळी ठेवली.

मग देवळाच्या अंगणातला प्रसंग. आमच्याकडे गाऱ्हाणे कोणीही उठून घालत नाही. देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मागायचे आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचे, हा मान गावकराचा, म्हणजे दाजी घाडी यांचा. दाजींनी कॅमेऱ्यापुढे घालायला साफ नकार दिला. मी घालतो म्हटल्यावर त्यांनी बजावले की खेळ आहे तर खेळासारखा करा. देवाचे नाव घेऊ नका, नारळ ठेवू नका. मला ते पटले नाही. मी जन्मभर मुलांना सांगत आलो की लिहिलेले खरे वाटले पाहिजे. मी देवांची सगळी स्थळे आणि सगळी नावे क्रमाने घेतली, एक गाळले नाही. नारळ खरा ठेवला. वॉल्टरने गर्दी म्हणून गावच बोलावले होते. त्याच्या आईने, रोझालिनाबाईंनी, सगळ्यांसाठी वडे केले होते आणि माणसे वड्यांसाठी आली होती. पहिले नाव ऐकताच त्यांनी चपला काढल्या. मी तेव्हाच थांबायला हवे होते, पण सुरू केलेले गाऱ्हाणे मध्ये थांबवता येत नाही. वॉल्टर "कट" म्हणाला तेव्हा दाजींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा म्हणाला नाही.

मी म्हटले ते असे: "बा देवा म्हाराजा, ह्यो माझ्या दारातलो फणस आजपासून माझ्या भावाचो. माझो शब्द फिरलो तर माझी वाचा बंद कर रे म्हाराजा."

गाव म्हणाले, "होय म्हाराजा!" माड हलले असे वॉल्टर सांगतो. तो निर्माता आहे.

आता भाईचा एक शब्द होता. घेतलंय. तो बोलला नाही. वॉल्टरने हाताने खूण केली, मग ओठ हलवून दाखवले. भाई माझ्याकडे न बघता वॉल्टरकडे वळला आणि म्हणाला, "खोट्या दानाक खरो हात कसो पुढे करू रे? खरां दिल्यान तर घेईन." आणि घरी गेला. वॉल्टरने त्याचा गप्प उभा असलेला चेहरा जवळून घेतलेला होता, तो लावला आणि पुढे गाणे जोडले. त्या जागी भाईचा अभिनय फार संयत आहे असे लोक म्हणतात.

पुढे जे झाले ते थिएटरात झाले नसते. थिएटरात माणूस एकदा बघतो आणि घरी जातो. घरात तो कॅसेट मागे फिरवतो. गाऱ्हाणे लोकांनी इतक्या वेळा मागे फिरवले की लायब्ररीतल्या प्रत्येक कॅसेटची फीत तेवढ्याच जागी झिजली आहे आणि तिथे पावसासारख्या रेघा येतात. शिवाय खोलीतली माणसे ऐकत बसत नाहीत. जेवणाचे ताट बाजूला ठेवून "होय म्हाराजा" म्हणतात. विमलेच्या चाळीत एका म्हातारीने टीव्हीपुढे उदबत्ती लावली. म्हणजे मी झाड एकदा दिले नाही. कुठे ना कुठे रोज देत आहे.

दाजींना मी विचारले, हे धरायचे काय? ते म्हणाले, "गाऱ्हाणा कोणी घातला ता देव बघणा नाय, अप्पा. होय म्हाराजा किती जणांनी म्हटला, ता बघता."

माझे म्हणणे होते की हा अभिनय होता. भाईचेही म्हणणे तेच होते. इतक्या वर्षांत आमचे एकमत झालेले हे एकच प्रकरण आणि त्यावरही आम्ही बोललो नाही. गावाच्या लेखी झाड मी दिलेले, म्हणून माझे नव्हे. भाईने घेतलेले नाही, म्हणून त्याचे नव्हे. फणस पडतात, फुटतात, माश्या येतात. सरला दार लावून घेते.

गेल्या पौषात माझा आवाज बसू लागला. गावात कोणी काही म्हटले नाही. सगळ्यांनी मिळून काही न म्हटलेले फार मोठ्याने ऐकू येते. रोझालिनाबाईंनी देवळात मेणबत्ती लावली. त्यांच्या देवाचा यात संबंध नाही, पण कॅसेट त्यांनीही पाहिली आहे. डॉक्टरांच्या मते कारण खडूची धूळ आणि चाळीस वर्षांचे ओरडणे. मी डॉक्टरांचे मानतो. आईवडिलांनी माझे नाव ठेवताना पुढचा विचार केला नव्हता, एवढीच माझी देवाबद्दलची तक्रार आहे.

पण उद्या माझा आवाज गेला, तर जगात माझा उरलेला आवाज तेवढाच. तो सरलेला ऐकावासा वाटला तर तिला कॅसेट लावावी लागेल, आणि त्यात मी भावाला झाड देत असेन. तो आवाज खोटा असू नये.

६. म्हणून, वर सांगितलेले फणसाचे झाड, मूळ, खोड, फांद्या, त्यावरची आणि खाली पडलेली फळे, ढोलीतल्या पोपटांसह, मी माझा भाऊ मनोहर सोमा धुरी ऊर्फ भाई याला आजपासून देतो. मृत्युपत्रात "आजपासून" बसत नाही, मेल्यावरच देता येते, असे देवगडच्या वकिलांनी सांगितले. शब्द तसाच ठेवला आहे. सावली आणि पाला भाईचा आहेच, तो मी परत मागत नाही. अशा कलमात "प्रेमापोटी" लिहिण्याची पद्धत आहे. मी तो शब्द गाळला. त्याला चालला नसता.

अट काही नाही. एक सूचना आहे. फणस पाडायचा नसतो, दोराने सोडायचा असतो. वर एक माणूस लागतो आणि खाली दोर धरायला एक. लहानपणी वर भाई असे, खाली मी. आता खाली कोण उभे राहील ते त्याने बघावे. "घेतलंय" हा त्याचा राहिलेला शब्द त्याने मला सांगितलाच पाहिजे असे नाही. गाईला सांगितला तरी मला ऐकू येईल, कान शाबूत आहेत.

७. रोझालिनाबाईंची वेताची खुर्ची. ही मी देत नाही, परत करतो. चित्रीकरणाला आणली होती, सिनेमात ती माझ्या वडिलांची म्हणून दाखवली आहे आणि पुढे माझाही तसाच समज झाला.

८. जुनी उणीदुणी. कॅसेटच्या वेष्टनावर मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याने एका तरुण मुलीचा फोटो छापला. ती सिनेमात नाही. लोक तिची वाट बघत शेवटपर्यंत बसतात आणि म्हणून सिनेमा पुरा बघितला जातो, असे तो म्हणतो. मी त्याला क्षमा केली आहे. त्याचा अंदाज बरोबर निघाल्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

हाच व्यापारी आता वॉल्टरच्या मागे लागला आहे. गिऱ्हाइके दुकानात येऊन एकच विचारतात म्हणे: भावाने झाड घेतले की नाही? तेवढे एक चित्र मिळाले तर दुसरा भाग हातोहात खपेल. वॉल्टर तेव्हापासून कॅमेरा टेंपोत घेऊनच फिरतो आणि कारण नसताना आमच्या वाडीतून जातो. त्याच्या लायब्ररीचे पुढचे वर्ष त्या चित्रावर आहे हे मला ठाऊक आहे. वकील म्हणतात साक्षीदाराला काही न दिलेले बरे. वॉल्टर साक्षीदार आहे, म्हणून त्याला मी काही देत नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये.

९. माझ्या बाराव्याला कॅसेट लावू नये. लावलीच, तर भात आधी उतरवून घ्यावा.

वरील मजकूर आज दुपारी ओटीवर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचण्यात आला. घसा जपायचा म्हणून मी वाचला नाही, वॉल्टरने वाचला. लग्नात वऱ्हाडाला एका बाजूला सरकवणारा आवाज आहे त्याचा. मी त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवले. पूर्वेला गडगा आहे.

वाचून झाल्यावर ही भर घालतो. पाचव्या कलमापर्यंत पलीकडे लाकडे फोडण्याचा आवाज येत होता. सहाव्याला थांबला. शेवटपर्यंत पुन्हा आला नाही. मग भाईने गाईला विचारले, "काय गो, ह्यां खरां काय शूटिंग?"

मी सरलेला मोठ्याने सांगितले की खरे आहे. डॉक्टरांचा सल्ला तेवढ्यापुरता मोडला.

यापुढे लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही. लिहिले ते माझे आहे आणि शुद्धीवर लिहिले आहे.

सही: हरिश्चंद्र सोमा धुरी

साक्षीदार:
१. वॉल्टर फर्नांडिस, जामसंडे
२. दाजी गणू घाडी, मिठबाव

मिठबाव, २१ मे १९८८

*

साक्षीदार क्रमांक एक याने केलेली नोंद:

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना नांदगावला मुंबईच्या एस.टी. गाडीवर सोडण्यासाठी मी टेंपो घेऊन आलो. भाई झाडावर होते. त्यांनी एक फणस दोराला बांधून सोडला. खाली दोर अप्पांनी धरला होता. भाई उतरून आले. गाय तिथेच बांधलेली होती, पण ते अप्पांकडे बघून म्हणाले, "घेतलंय." अप्पांनी मान हलवली. सरलाबाईंनी तेल आणि कोयता आणून दिला. फणस दारापुढच्या खळ्यात फोडला. अर्धा सुशीलाबाई घेऊन गेल्या, अर्धा विमलेसाठी पिशवीत बांधला. भाई पिशवी घेऊन टेंपोत बसले आणि नांदगावपर्यंत आले. गाडी मिळाली. कॅमेरा टेंपोतच होता. मी काढला नाही.